पॉइंट टू-टूचा ग्रुप फुटतोय? बॅरल बदलण्याआधी हे बघा

"सर, बॅरल गेली बहुतेक." स्टेट मॅचला पंधरा-वीस दिवस राहिले की हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. लक्षणंही ठरलेली असतात. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, दहातले आठ शॉट टेनमध्ये एकावर एक बसतात आणि उरलेले दोन भलतीकडे जातात, म्हणजे शॉटांचा पुंजका, ग्रुप, फुटतो. शॉट सुटताना साईट बरोबर होती, ट्रिगर स्वच्छ गेला, वारा नव्हता, असं शूटर शपथेवर सांगतो. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच सुरू होतं. मग कोणीतरी सुचवतं की नळी झिजली, जर्मनीहून नवी मागवा, आणि घरचे पैशांच्या जुळवाजुळवीला लागतात.

५० मीटरच्या रेंजवर मी बरीच वर्षं पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंच बोअरच्या, रायफली उघडतोय, साफ करतोय, मुलांबरोबर काडतुसांचे लॉट (कारखान्यातून एका खेपेत निघालेला माल) तपासतोय. या तक्रारीत बॅरल खरोखर दोषी निघाली अशा वेळा फार थोड्या. आणि जिथं ती दोषी होती तिथंही नवी बॅरल निवडताना लोक नाव बघून निवडतात आणि वर्षभरात पुन्हा माझ्याकडे येतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माप डोळ्यासमोर असू दे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. गोळी ५.६ मिमीची. रेषेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतो, म्हणून गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत राहिलं की झालं. पुढची प्रत्येक रिंग ८ मिमीची, म्हणजे दशांश गुणांत ०.१ साठी फक्त ०.८ मिमी. म्युनिकला २०१० साली तेजस्विनी सावंत याच प्रोनमध्ये जगज्जेती झाली. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभ्यानं) ब्राँझ ४५१.४ गुणांवर घेतलं. त्या पातळीवरचा सगळा हिशेब या मिलिमीटरांत चालतो. त्यामुळे रायफलमधली बारीकशी गडबडही टार्गेटवर दिसते, आणि ती गडबड एकट्या बॅरलीत असते असं मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक रायफल सांगतो. अकरावीतली मुलगी, रायफल वापरलेली घेतलेली. वडील बॅरलीचं कोटेशन छापून हातात घेऊनच आले होते. मी बोल्ट काढला, नळी मोकळी असल्याची खात्री केली आणि मागच्या बाजूनं कापडाचा घट्ट पॅच रॉडवर ढकलला. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून आटे (नळीतले पिळदार चर) सुरू होतात तिथं पॅच अडकला, मग एकदम सुटला आणि पुढे लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मुलीला विचारलं, "बोल्ट बंद करताना अंगठ्यानं जोर लावावा लागतो का गं?" ती म्हणाली, "हो, पण मला वाटलं सवयीचंच आहे." रोग तिथंच कळला. काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण यांचं एक कडं चेंबरच्या तोंडाशी धरलेलं होतं. काही काडतुसं त्यात सरळ बसत होती, काही किंचित तिरकी. तिरकी बसलेली गोळी आट्यांत तिरकीच शिरते, तेच तिचे दोन पळालेले शॉट.

हे कडं साध्या रोजच्या पॅचनं जात नाही. बोअर गाईड (रॉड मधोमध धरणारी नळी) लावून सॉल्व्हंट तेवढ्याच जागी दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, नंतर ब्राँझचा ब्रश त्या दीड-दोन इंचांत हलक्या हातानं फिरवायचा, मग कोरडे पॅच. गाईडशिवाय रॉड घालू नका, रॉड घासून चेंबरची कड कायमची बिघडते. आणि रॉड नळीच्या पुढच्या तोंडाकडून कधीच नाही. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा शॉट इकडेतिकडे जातील, घाबरू नका. नळीत मेणाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. त्या मुलीचे पहिले बारा शॉट बघून वडिलांचा चेहरा उतरला होता. त्यानंतरचे दोन ग्रुप टेनच्या आत मिटले. कोटेशनचा कागद तिनं स्कोअरबुकात खूण म्हणून ठेवलाय.

प्रत्येकाचा रोग हाच असेल असं नाही. म्हणून रायफल उघडण्याआधी ग्रुप वाचायला शिका. त्यासाठी तीन शॉटचा ग्रुप काही कामाचा नाही. तीन शॉट योगायोगानंही जवळ पडतात, आणि त्या छोट्या ग्रुपचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. एकाच लॉटचे दहा-दहा शॉटचे चार-पाच ग्रुप, बेंचवर किंवा व्हाईसमध्ये धरून, हे निदान हवंच. व्हाईस नसेल तर तुमच्यापेक्षा स्थिर प्रोन मारणाऱ्या कुणाला तरी तीच रायफल आणि तेच राउंड द्या. त्याचे शॉट पळाले नाहीत तर हा सगळा मजकूर बाजूला ठेवा आणि प्रशिक्षकाशी बोला.

ग्रुप वर-खाली ताणलेला असेल तर पहिला संशय वेगावर घ्या. मॅचचं काडतूस साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदानं सुटतं, ध्वनीच्या वेगाच्या थोडं खालीच राहील असं मुद्दाम बनवलेलं. ५० मीटर जायला त्याला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात गोळी जवळपास १२ सेंटीमीटर खाली पडते. दोन राउंडांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर ७-८ मिमी वर-खाली होतं. म्हणजे जवळजवळ एक आख्खी रिंग, आणि त्यात बॅरलीचा काही दोष नाही. हा फरक कधी काडतुसातून येतो, कधी फायरिंग पिनमधून. दहा रिकामी केसं ओळीनं मांडा आणि कडेवरचा पिनचा ठसा उजेडात तिरकं धरून बघा. काही खोल आणि काही उथळ दिसले तर स्प्रिंग थकलीय किंवा बोल्टमधलं तेल चिकट झालंय. बोल्टमध्ये लोक तेल ओततात. थंडीत पहाटेच्या मॅचला ते घट्ट होतं आणि पिनचा वेग मारतं. पुसून कोरडा करा, तेलाचा नुसता वास राहील इतकंच ठेवा.

दोन वेगवेगळे पुंजके पडत असतील, म्हणजे पाच शॉट इथं, पाच शॉट एक सेंटीमीटर पलीकडे, तर काहीतरी सैल आहे. आधी साईट. डायॉप्टर, म्हणजे मागची साईट, हातानं हलवून बघा, पुढच्या साईटचा स्क्रू बघा. नंतर स्टॉक. रायफल उभी धरून बॅरल आणि स्टॉक यांच्या सांध्यावर बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूच ढिला करा. बोटाखाली बॅरल हलल्याचं जाणवलं तर ॲक्शन (बोल्ट जिच्यात चालतो तो भाग) स्टॉकमध्ये नीट बसलेली नाही, स्क्रू तिला वाकवून धरतोय. स्क्रू घट्ट करायचे ते टॉर्क रेंचनं, तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. "हाताला घट्ट लागेपर्यंत" हा आकडा दर रविवारी बदलतो. लाकडी स्टॉक असेल तर कोकणातल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि घाटावरच्या उन्हाळ्यात आकसतं. रत्नागिरीहून पुण्याला मॅचला येणाऱ्यांनी बालेवाडीत पोचल्यावर स्क्रू पुन्हा तपासावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सुरुवातीला बरा आणि चाळीस-पन्नास शॉटनंतर फुटणारा ग्रुप बहुधा साचलेल्या घाणीचा असतो. आडवा ताणलेला ग्रुप वाऱ्याचा किंवा रायफल कलती धरल्याचा.

आता सगळ्यात मोठा विषय, लॉट. माझ्या मते बॅरलीवर येणारे निम्मे आरोप खरं तर लॉटवर यायला हवेत. मॅचच्या काडतुसांत टेनेक्स घ्या, सेंटर-एक्स घ्या, आर-५० घ्या, डब्यावर नाव तेच असलं तरी प्रत्येक लॉट वेगळा असतो, आणि एका रायफलला आवडलेला लॉट शेजारच्या लेनवरच्या तशाच रायफलला आवडत नाही. नळीचा आतला व्यास, चेंबरची लांबी, आट्यांची कड यांतले मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे फरक आणि त्या लॉटच्या शिशाचा मऊपणा, मेणाचा लेप, कडेतली दारू हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. म्हणूनच इंग्लंडात बर्मिंगहॅमला एलीच्या आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या, म्हणजे काडतूस कंपन्यांच्याच, टेस्ट रेंजवर शूटर स्वतःची रायफल घेऊन जातात आणि लॉट निवडून आणतात.

आपल्याला प्रत्येक वेळी तिकडे जाणं जमत नाही. पण चार-पाच लॉटचे एकेक डबे मिळवून इथं तपासणं जमतं. एका डब्यात ५० राउंड. पहिले दहा नळीला त्या लॉटची सवय होण्यासाठी, कारण प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं. उरलेल्या चाळिसाचे चार ग्रुप. सगळे लॉट एकाच सकाळी, वारा पडलेला असताना. सगळ्यात छोट्या ग्रुपपेक्षा सगळ्यात वाईट ग्रुप ज्याचा लहान, तो लॉट घ्या, कारण मॅचमध्ये तुमचा गुण तो वाईट ग्रुपच खातो. आणि पसंत पडला की वर्षाचं पुरेल इतकं एकदम घ्या.

यात मी स्वतः एकदा मार खाल्लाय. तपासून पसंत केलेल्या लॉटचे दहा हजार राउंड सांगितले, पार्सल आलं, डबा तोच, रंग तोच, मी बघितलंही नाही. सहा आठवडे तीन मुलांच्या रायफली उघडत बसलो. स्टॉक बदलून पाहिला, एकाची तर बॅरल बदलायचं ठरत आलं होतं. शेवटी डब्याच्या फ्लॅपवरचा नंबर वाचला. लॉट वेगळाच होता. त्या मुलांचा हंगाम गेला याचं मला आजही वाईट वाटतं. डबा उघडण्याआधी नंबर वाचा, वहीत लिहा.

हे सगळं झालं, रायफल साफ आहे, स्क्रू जागेवर आहेत, पिन मारतेय, पाच लॉट तपासले, आणि तरी ग्रुप मिटत नाही. आता बॅरलीकडे वळू.

पहिलं तिचं तोंड, क्राउन. गोळी नळीला शेवटचा निरोप देते ती जागा. एका बाजूला बारीक ठोका असला तर मागचा वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. रायफल रिकामी आणि बोल्ट बाहेर असताना कानातल्या कापसाची काडी आतून बाहेर कडेवरून फिरवा. कापसाचा धागा अडकला तिथं कड उठलेली आहे. शूटिंगनंतर तोंडावर पडणारी शिसा-मेणाची चांदणी बघा. तिची सगळी टोकं सारखी हवीत. क्राउन बिघडला असेल तर तो नव्यानं कापता येतो, आख्खी बॅरल बदलायची गरज नाही. पण हे काम गल्लीतल्या लेथवर नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि नळी आखूड करायला तर वेगळं कलमच आहे. परवानाधारक गनस्मिथकडेच जा, कागद घेऊन जा.

दुसरं गंज. आपल्याकडे बॅरली राउंडांनी कमी आणि पावसाळ्यानं जास्त मरतात. ओल धरलेल्या फोमच्या केसमध्ये जुलै ते सप्टेंबर रायफल पडून राहते आणि नळीत बारीक खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत.

तिसरं, आतली सैल जागा. नळीत मऊ शिशाचा तुकडा हळू ढकलला की अनुभवी हाताला कळतं कुठं घट्ट, कुठं सैल. चांगली पॉइंट टू-टू बॅरल मागून पुढे एकसारखी असते किंवा तोंडाकडे केसभर घट्ट होत जाते. मधे घट्ट आणि तोंडाशी सैल असेल तर ती बॅरल सुधारत नाही.

झीज मी मुद्दाम शेवटी ठेवली. "बॅरल जळली" हा शब्द मोठ्या बोअरच्या रायफलींतून आलाय. तिथं दारू एवढी असते की काही हजार राउंडांत घसा, म्हणजे चेंबरपुढचा भाग, खरोखर जळतो. पॉइंट टू-टूत तसं होत नाही. चेंबरच्या पुढे खालच्या बाजूला थोडी झीज दिसते खरी, पण पन्नास हजारांच्या पुढे गेलेल्या बॅरली मी उत्तम चालताना पाहिल्यात.

निवडीकडे येताना एक सावधगिरी. बॅरलीबद्दलचं बरंचसं लिखाण शिकारीच्या रायफलींवर असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ती निवड आपली नाहीच. शिकाऱ्याला डोंगरात वाहून न्यायला हलकी, बारीक नळी हवी आणि थंड नळीतून सुटलेली पहिली एक गोळी बिनचूक हवी. आपल्याला सायटर्स (मॅचआधीचे अजमावणीचे शॉट) धरून ऐंशी-शंभर शॉट एकसारखे हवेत. तिथले सल्ले वाचून मुलं बाहेरून खाचा पाडलेली हलकी बॅरल मागतात. तिचा आपल्याला उपयोग नाही.

आट्यांचा पीळ सोळा इंचांत एक फेरा, ४० ग्रेन वजनाच्या गोळीला तोच बसतो, त्यात प्रयोग नको. आटे बटन (कठीण धातूचा ठसा) ओढून पाडलेले की एकेक चर कापून, यावर तासन्‌तास वाद होतात. लोथार वाल्थर, लिल्या, शिलेन बटनवाले, क्रीगर आणि बार्टलाईन कापणारे, आणि दोन्ही पद्धतींच्या बॅरली चांगल्या चालतात. विचारायचं ते आतल्या व्यासाच्या सारखेपणाबद्दल. स्टेनलेस की क्रोम-मॉली, यात मी कोकण, गोवा, मुंबईवाल्यांना स्टेनलेस सांगतो. तिलाही गंज धरतो, पण तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतो.

लांबीचा हिशेब लोक उलटा करतात. पॉइंट टू-टूची दारू सोळा ते वीस इंचांतच आपलं काम संपवते, त्यापुढे लांब नळीत गोळीला नुसतं घर्षण. लांब बॅरलीचा फायदा साईटमधल्या अंतराचा. ते अंतर नियमात बसणारी एक्स्टेंशन ट्यूब लावूनही मिळतं, आणि आखूड नळीतून गोळी लवकर बाहेर पडते, म्हणजे हात हलायला वेळ कमी. नवख्या मुलांना हा फरक स्टँडिंगमध्ये चांगला जाणवतो. वजनाची मर्यादा ८ किलो आहे, पण मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीला जाड बॅरल देऊन रायफल पुढे झुकवली की नीलिंगच्या शेवटच्या दहा शॉटना डावा हात थरथरतो. बॅरल ठरवण्याआधी रायफलच्या पुढच्या टोकाला तेवढं वजन बांधून आठवडाभर ड्राय, म्हणजे बिनगोळीचा सराव, करायला लावा.

आणि चेंबर. माझ्या दृष्टीनं नळीपेक्षाही यातच जास्त अडतं. मॅच चेंबरमध्ये गोळी थोडीशी आट्यांत शिरूनच बसते. हे ज्याला नेमकं कापता येतं, तोच तुमचा गनस्मिथ. त्याला सांगा की तुम्ही कुठलं काडतूस वापरता, जमल्यास त्या लॉटचे राउंड द्या. तुमच्या ॲक्शनमध्ये बॅरल कशी बसते तेही आधी विचारा. अँशुट्झच्या ५४ मालिकेच्या अनेक रायफलींत ती स्क्रूसारखी फिरवून बसवलेली नसते. दाबून बसवलेली आणि आडव्या पिनांनी अडवलेली असते. ठाऊक नसलेला माणूस ती फिरवून काढायला जातो आणि ॲक्शन घालवतो.

नवी बॅरल बसली की जुन्या लॉटवर तिला जोखू नका, लॉट पुन्हा पहिल्यापासून तपासा. दोनशे राउंड होईपर्यंत मत बनवू नका. आणि जुनी बॅरल घरी कपाटात टाकून ठेवू नका. ती कायद्यानं शस्त्राचाच भाग आहे. ज्या परवानाधारक डीलरकडून काम करून घेतलं त्याच्याकडेच ती नोंद करून जमा करा आणि पावती परवान्याच्या फाईलला लावा.